समुद्र, लेणी आणि उन्हवऱ्याचं कुंड

मैत्रिणींनो, यंदा आमच्या गटाची सहल दापोलीकडे गेली. सकाळी मुरुडच्या किनाऱ्यावर, मग कोटजाई नदीकाठच्या पन्हाळेकाजीला. तिथं २९ लेणी आहेत, आधी बौद्धांची, पुढे नाथपंथीयांची.

खरा आनंद उन्हवऱ्याला! बायकांचं कुंड वेगळं, म्हणून निवांत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं नि वर येतं. वास गंधकाचा. त्वचारोग जातो म्हणतात. आम्ही त्या भरवशावर औषध सोडणार नाही.

आमची एक जण अर्धा तास बसली, उठताना घेरी आली. दहा मिनिटं पुरेत. वर येऊन साधं पाणी प्या. गरोदर बाईनं उतरूच नये. रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तिनं आधी डॉक्टरांना विचारावं.