लांडग्याची लेक आणि देवीचे वाहन

जपानमध्ये तयार होणाऱ्या चलच्चित्रपटांना 'ॲनिमे' म्हणतात. आपल्याकडील तरुण वर्गात हे चित्रपट आता चांगलेच रुजले आहेत. त्यांतील एखादी नायिका मनात भरली, की चाहते मंडळी हौसेने तिची चित्रे काढतात. अशा चित्रांचा एक लक्षणीय प्रकार म्हणजे त्या नायिकेला हिंदू देवतेच्या रूपात दाखविणे. मागे प्रभावळ, चार किंवा आठ हात, हातांत आयुधे, खाली कमळ अथवा एखादे वाहन. कोणी हे कौतुकाने पाहतो, तर कोणी देवाधर्माची थट्टा म्हणून नाक मुरडतो. प्रस्तुत लेखात यांपैकी कोणाचीही वकिली करावयाची नाही. देवीचे चित्र कसे वाचावयाचे असते आणि ती रीत ध्यानात न घेता परक्या नायिकेला देवीचा साज चढविला तर काय बिघडते, एवढेच एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे. उदाहरण मुद्दाम जंगलातले घेतले आहे. कारण चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपले दोन्ही जिल्हे जंगलाचे आहेत.

प्रथम देवीच्या चित्राविषयी. देवीच्या हातांतील वस्तू शोभेसाठी नसतात. देवीमाहात्म्यात महिषासुराच्या वधासाठी प्रत्येक देवाने देवीला काही ना काही दिल्याची कथा आहे. शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, वायूने धनुष्य आणि हिमालयाने सिंह. म्हणजे ज्याला चित्र वाचता येते त्याला एकेका हातात एकेका देवाचे देणे दिसते. तुळजापूरची भवानी अष्टभुजा आहे ती याच अर्थाने. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील देवळांवर ज्या मूर्ती आहेत, त्यांच्या शिल्पकारांनाही हे व्याकरण पाठ होते. कोणत्या हातात काय, बोटांची ठेवण कशी, पाय कोणता दुमडलेला, यावरूनच देवता ओळखावयाची असते. चेहऱ्यावरून नव्हे. एक आयुध बदलले, की मूर्तीचा अर्थ बदलतो.

मग या व्याकरणात नवा किंवा परका विषय बसविणे हे काही आजच घडते आहे काय? मुळीच नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवादिकांची छापील चित्रे मराठी घरांत येऊ लागली. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांतील छायाप्रकाश युरोपीय तैलचित्रांचा आहे. आज आपण त्यांनाच 'आपली पारंपरिक देवी' म्हणतो! याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. पुढे रघुवीर मुळगावकरांच्या दिनदर्शिकांवरील देवदेवता घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. अलीकडे तर 'बाहुबली' चित्रपट गाजताच गणेशोत्सवात गणपती त्या वेषात उभे राहिले. तेव्हा लोकप्रिय नायकाचा आणि देवाच्या रूपाचा संकर ही महाराष्ट्राला ओळखीची गोष्ट आहे.

जपानशी तर हा व्यवहार फार जुना आहे. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचली आणि तेथे 'बेन्झाइतेन' झाली. वीणेच्या जागी तिच्या हाती 'बिवा' हे जपानी तंतुवाद्य आले. पण तिच्या काही मूर्तींना आठ हात आणि त्यांत आयुधेही आहेत. लक्ष्मी तेथे 'किचिजोतेन' म्हणून ओळखली जाते. आपल्या काळात हीच वाट उलट्या दिशेने चालली गेली. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन यांच्या साहाय्याने रामायणावर चलच्चित्रपट केला. तो 1992 साली पूर्ण झाला. 2025 च्या जानेवारीत तो आपल्याकडील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला. त्या कामात धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे भारतीय कलावंतांनी जपानी चित्रकारांना समजावून दिले होते. परक्याचा देव रंगवावयाचा तर आधी त्याची राहणी शिकून घ्यावी लागते, हा त्यातला धडा. तोच आता आपल्याला उलट बाजूने गिरवावयाचा आहे.

उदाहरण घेऊ 'मोनोनोके-हिमे' या चित्रपटाचे. हायाओ मियाझाकी यांचा हा चित्रपट 1997 साली जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याची नायिका सान. माणसांनी टाकून दिलेल्या या मुलीला मोरो नावाच्या लांडगीने वाढविले आहे. मोरो ही साधी लांडगी नव्हे. ती त्या अरण्याची एक देवता आहे. जंगलाच्या कडेला एबोशी नावाच्या बाईने लोखंड गाळण्याची वसाहत उभारली आहे. लोखंडासाठी डोंगर खणला जातो, झाडे तुटतात आणि जंगलचे देव चवताळतात. सान अंगावर पांढरी कातडी, हाती भाला आणि तोंडावर लाल मुखवटा घालून, लांडग्याच्या पाठीवर बसून त्या वसाहतीवर चालून जाते.

हे वर्णन ऐकताच चित्रकाराच्या डोळ्यांसमोर आयतीच दुर्गा उभी राहते. सिंहाच्या जागी लांडगा घातला, दोन हातांचे आठ केले, की झाले चित्र! परंतु पहिली चूक नेमकी येथेच होते. देवीच्या चित्रात पायाखालचा प्राणी हा वाहन असतो. तो देवीच्या सेवेत असतो. सान ज्या लांडग्यांवर बसते ते तिचे भाऊ आहेत आणि त्यांची आई स्वतः देवता आहे. लांडग्याला वाहन केले, की आपण आईच्या कुळाला लेकीची चाकरी लावली. मग मोरोची जागा कोणती? माझ्या मते ती प्रभावळीच्या जागी, सानच्या मागे आणि तिच्याहून मोठी असावयास हवी.

हा भेद शहरातील चित्रकाराच्या ध्यानात येणार नाही कदाचित. आपल्या भागातील माणसाला तो सांगावा लागू नये. छापील चित्रात वाघ हे अंबेचे वाहन असते, पण आपल्या रानवाटांवर शेंदूर लावलेला वाघोबा हा स्वतःच देव असतो. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्याचे स्थान आहे तो तारू, दंतकथेप्रमाणे, वाघाशी झुंजताना मेलेला गावचा प्रमुख. त्याचेच नाव अरण्याला मिळाले. म्हणजे वाघाला आणि वाघाने मारलेल्यालाही येथे पूजेचा मान आहे. सानची गोष्ट या रीतीला जवळची आहे, दिनदर्शिकेवरील चित्राला तितकीशी नाही.

आता हातांकडे वळू. देवीचा एक हात बहुधा अभयमुद्रेत असतो. सान कोणाला अभय देते? माणसांना तर नाहीच. चित्रपटाच्या शेवटीही माणसांना क्षमा करणे तिला जमत नाही. तेव्हा तिच्या हाताला तर्जनीमुद्रा, म्हणजे धाक घालणारे उगारलेले बोट, हीच शोभेल. मुखवट्याचेही तसेच. आपल्याकडे गौरीचा मुखवटा बसविला, की देवी घरात येते. सान मुखवटा चढविते ती आपला माणसाचा चेहरा झाकण्यासाठी. तो हातात धरलेला दाखवावा की तोंडावर, यावर साऱ्या चित्राचा अर्थ फिरतो.

सर्वांत अवघड प्रश्न पायाखालच्या महिषासुराचा. तेथे एबोशीला घालावे, असे सहज वाटेल. पण एबोशीने कुंटणखान्यात विकल्या गेलेल्या बायकांना सोडवून आणले आहे आणि समाजाने टाकलेल्या रोग्यांना काम व आसरा दिला आहे. तिला असुर म्हणावे तर त्या माणसांचे काय? गडचिरोलीत हा प्रश्न पडद्यावरचा राहत नाही. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण आहे आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. त्याच सूरजागडच्या डोंगरात माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे. दरवर्षी जानेवारीत दूरदूरची माणसे तेथे पूजेला जमतात. खाणीवर रोजगाराला जाणारा आणि ठाकूरदेवाला जाणारा, ही एकाच घरची माणसेही असू शकतात. अशा ठिकाणी राहून सानचे चित्र काढणाऱ्याने असुराची जागा घाईने भरू नये. ती रिकामी ठेवली तरी चित्र अपुरे दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट. गोंडांच्या पेनला, म्हणजे देवाला, परंपरेने चेहरा नसतो. लोखंडी भाल्याचे टोक, साखळी, घंटा, ऐनाचे झाड, यांतच त्याचे असणे. चंद्रपूरच्या महाकालीचे देऊळ गोंड राणी हिराईने बांधविले असे मानतात, आणि चैत्रात मराठवाड्यातून येणारे भाविक झरपटीत स्नान करून तिच्या दर्शनाला जातात. म्हणजे मूर्तीची आणि बिनमूर्तीची, अशा दोन्ही रीती या भूमीत शेजारी नांदल्या आहेत. तेव्हा रानातील प्रत्येक शक्तीला आठ हात आणि मुकुट दिला, की तिचा मान वाढतो, असे समजण्याचे कारण नाही. एखाद्या चित्रकाराने सानच्या बाजूला एक ऐनाचे झाड आणि त्याच्या बुंध्याशी भाल्याचे टोक एवढेच काढले, तर ते आठ हातांहून अधिक बोलेल.

आपल्यापैकी ज्यांना अशी चित्रे काढण्याची आवड आहे, त्यांनी ती अवश्य काढावीत. मात्र कुंचला उचलण्यापूर्वी मार्कंड्याला एकदा जाऊन यावे आणि वहीत एकाच मूर्तीचे सगळे हात, त्यांतील वस्तूंसह, उतरवून घ्यावेत. परतीच्या वाटेवर वाघोबाचे ठाणे लागले, तर क्षणभर थांबून तेही पाहावे.