आरोग्यसेवेचा खर्च : सार्वजनिक आणि खाजगी

'खर्च', 'किंमत' आणि 'मूल्य' हे तीन शब्द मराठीत आपण बहुधा एकमेकांच्या जागी वापरतो. आरोग्यसेवेच्या चर्चेत मात्र हा सैलपणा महाग पडतो. खर्च म्हटला की तो कोणीतरी सोसावा लागतो. हा सोसणारा वाक्यातून गळला, की सार्वजनिक व्यवस्था स्वस्त की खाजगी, या प्रश्नाला हवे ते उत्तर देता येते. 'सरकारी रुग्णालयात फुकट उपचार होतात' असे म्हणणारा रुग्णाच्या खिशाविषयी बोलत असतो. 'सरकारी रुग्णालये म्हणजे तिजोरीवरील भार' असे म्हणणारा राजकोषाविषयी. दोघांचीही विधाने खरी असू शकतात. प्रस्तुत लेखात या दोन हिशेबांतील अंतर काही ज्ञात उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्याकडील आकडा घेऊ. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८), बाळंतपणे वगळता, रुग्णालयात दाखल होण्याच्या एका प्रसंगी रुग्णाच्या कुटुंबाला सरासरी किती वैद्यकीय खर्च आला, हे नोंदविले गेले. सरकारी रुग्णालयात तो ४,४५२ रुपये होता, खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये. म्हणजे सुमारे सातपट. हा आकडा वारंवार उद्धृत होतो, परंतु तो ज्याचे प्रमाण म्हणून दिला जातो त्याचे ते प्रमाण नव्हे. सरकारी डॉक्टरांचे व परिचारिकांचे वेतन, इमारत, यंत्रसामग्री यांतले काहीही त्या ४,४५२ रुपयांत नाही. ते करदात्याने आधीच भरलेले आहे. उलट खाजगी रुग्णालयाच्या देयकात हे सारे आणि वर नफाही समाविष्ट असतो. मात्र तेथे काम करणाऱ्या कित्येक डॉक्टरांचे शिक्षण सरकारी महाविद्यालयांत, सार्वजनिक पैशाने झालेले असते, याची नोंद त्या देयकात कोठेच येत नाही. तेव्हा सातपट हे गुणोत्तर कुटुंबाच्या भाराचे आहे. उपचाराला समाजाची एकूण किती साधने लागली, हे त्यावरून कळत नाही.

तिजोरीचा खर्च दिसतो आणि घरांचा दिसत नाही, हा या विषयातील मोठाच दृष्टिदोष आहे. अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेवर विधिमंडळात वाद होतो. परंतु शस्त्रक्रियेसाठी विकलेल्या बैलजोडीची किंवा गहाण पडलेल्या दागिन्यांची चर्चा कोणत्याही सभागृहात व्हावयाची नसते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम कुटुंबांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिली. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले, आणि त्याच काळात सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. केवळ अंदाजपत्रक वाचणाऱ्यास यात उधळपट्टी दिसेल. वस्तुतः भाराचा काही भाग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला आहे.

दिसणाऱ्या खर्चाची धास्ती कशी भ्रामक ठरू शकते, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनचे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि आरंभीच तिचा खर्च अंदाजापलीकडे गेला. कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरताच, सेवेचे जनक आणि तेव्हा मजूरमंत्री असलेले अन्यूरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. पुढे १९५३ साली हुजूरपक्षीय सरकारने केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अपेक्षा अशी, की हाताबाहेर गेलेला खर्च आवरण्याचे उपाय ती सुचवील. रिचर्ड टिटमस व ब्रायन एबल-स्मिथ यांनी तिच्यासाठी हिशेब मांडला, तेव्हा निष्कर्ष उलटा निघाला : राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले सेवेच्या निव्वळ चालू खर्चाचे प्रमाण १९४९-५० मधील ३.७५ टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये ३.२५ टक्क्यांपर्यंत उतरले होते. पौंडांतील वाढ मुख्यतः भाववाढीची होती. १९५६ च्या अहवालाने कपात तर सुचविली नाहीच, उलट रुग्णालयांच्या इमारतींवर होणारा भांडवली खर्च अपुरा असल्याचे म्हटले. भाजक कोणता घ्यावा एवढ्या साध्या प्रश्नावर एका राष्ट्राचे धोरण फिरू शकते!

आता सारे खांदे एकत्र धरून मोजले तर काय दिसते? यासाठी कॅनडा आणि अमेरिका ही जोडी अभ्यासकांना सोयीची वाटते, कारण इ. स. १९७० च्या सुमारास दोन्ही देश आपल्या उत्पन्नाचा साधारण सातवा टक्का आरोग्यावर खर्च करीत होते. कॅनडातील सस्कॅचवन प्रांताने १९६२ साली, डॉक्टरांचा २३ दिवसांचा संप सोसून, सार्वत्रिक वैद्यकीय विमा आणला होता. १९७२ पर्यंत तो सर्व देशभर पोचला. अमेरिकेने १९६५ साली वृद्धांसाठी व निर्धनांसाठी सरकारी योजना काढल्या आणि बाकीच्यांना खाजगी विम्यावर सोडले. त्यानंतर दोन्ही आलेख फाकत गेले. कोरोनाच्या साथीपूर्वी, २०१९ मध्ये, कॅनडाचा वाटा अकरा टक्क्यांच्या आसपास तर अमेरिकेचा सतरा टक्क्यांच्या आसपास होता. आयुर्मान मात्र कॅनडाचेच अधिक. (आयुर्मानाचे सारे श्रेय अर्थातच रुग्णालयांना देता येणार नाही.)

येथे एक भेद विसरू नये. कॅनडातील बहुसंख्य डॉक्टर सरकारी नोकर नाहीत. तेथे सार्वजनिक आहे ते पैसे चुकते करणे. उपचार करणारे हात पुष्कळसे खाजगीच. आपल्याकडील २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतही सरकारी पैसा खाजगी रुग्णालयांकडे जाऊ शकतो. म्हणून 'सार्वजनिक विरुद्ध खाजगी' असे सरळ द्वंद्व मांडण्यापूर्वी देणारा आणि करणारा हे दोघे वेगळे पाहावे लागतात.

अमेरिकेतील जादा पैसा जातो कोठे? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार १९९९ मध्ये तेथील आरोग्यखर्चाचा ३१ टक्के भाग प्रशासनात गेला, कॅनडात १६.७ टक्के. संशोधक एकछत्री विम्याचे पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या हिशेबपद्धतीवर आक्षेपही आले. पण अनेक विमा कंपन्या, प्रत्येकीचे निराळे नियम आणि प्रत्येक देयकावर वाद, यांना कारकून लागतातच. याखेरीज किमतींचा भाग आहे. अमेरिकन माणूस डॉक्टरांकडे अधिक वेळा जातो असे नाही. त्याला प्रत्येक वेळी अधिक मोजावे लागतात.

किंमत आटोक्यात का राहत नाही, याचे मूळ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखविले होते. येथे ग्राहकाला मालाची पारख नसते आणि विक्रेताच त्याचा सल्लागार असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील खाजगी संस्थांतील ४७.४ टक्के, तर सरकारी संस्थांतील १४.३ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. काही जोखमीच्या रुग्णा आणि काही स्वेच्छेने शस्त्रक्रिया मागणाऱ्या स्त्रिया खाजगीकडे वळत असतील. तरी एवढी तफावत शरीरशास्त्राने उलगडेल असे मला वाटत नाही.

तथापि सरकारी व्यवस्थेच्या बाजूनेही एक खर्च लपलेला असतो, तो वेळेचा. कॅनडात शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते ही तक्रार जुनी आहे. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत मजुराचा रोज बुडतो, औषध 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी मिळते, आणि 'फुकट' हा शब्द पोकळ ठरतो. आणि ४,४५२ काय किंवा ३१,८४५ काय, या दोन्ही सरासऱ्या रुग्णालयात दाखल झालेल्यांच्याच आहेत. पैशाअभावी जो घरीच राहिला, त्याचा खर्च त्या कोष्टकात शून्यदेखील नाही. त्याच्यासाठी रकानाच आखलेला नाही.