पेजेतलं मीठ

लावणीच्या दिवसांत मला एकदा जोराची हगवण लागली होती. तेव्हा मी तिसरीत असेन. मुळशीतला आषाढ म्हणजे चार-चार दिवस सूर्याचं दर्शन नाही, खाचरं तुडुंब आणि विहिरीचं पाणी गढूळ. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोटात काही घालू नको गं तिच्या. आतडं रिकामं राहू दे, आपोआप थांबेल." आईनं ऐकलं नाही. आंबेमोहराच्या कण्यांची पातळ पेज केली, चिमूटभर मीठ घातलं आणि दिवसभर चमच्या-चमच्यानं पाजली. प्रत्येक वेळी आधी स्वतः चाखायची. पेज अळणी लागली तर आणखी दोन कण.

मी बरी झाले. ते मीठ आत जाऊन काय करत होतं, हे समजायला मात्र मला कॉलेजात जावं लागलं. आता पौड परिसरातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि पचनाचा धडा पेजेपासूनच सुरू करते.

दोन परीक्षानळ्यांत थोडी थोडी पातळ पेज घ्यायची. एकीत एखाद्या मुलानं लाळ घालायची आणि नळी मुठीत धरून ऊब द्यायची. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा थेंब टाकला की नुसत्या पेजेची नळी निळीकाळी होते. लाळेची नळी आयोडीनच्या पिवळसर रंगाचीच राहते. पिष्ट गेलं कुठे? पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ, ती लाळेतल्या विकरानं तोडली. भाताचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो, तो याचमुळे.

जठरातल्या आम्लात लाळेचं हे काम थांबतं. खरं पचन पुढे, लहान आतड्यात. तिथे स्वादुपिंडाचा रस येतो, आम्ल मारतो आणि माळ पुन्हा तुटू लागते. पण हा रस माळ मधूनच तोडतो. दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडे उरतात. शिवाय जिथे माळेला फांदी फुटलेली असते, तो सांधा त्याला तुटत नाही. चिकट भातात अशी फांद्यांची पिष्टं सहसा जास्त असतात. आमच्या भागात घरोघरी शिजणारी इंद्रायणी १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहराच्याच वाणापासून आणली. तिचा मऊ, चिकट भात आठवला की मुलांना फांद्यांची गोष्ट पटकन कळते.

उरलेले तुकडे तोडायची हत्यारं आतड्याच्या भिंतीतच रुतलेली असतात. ती भिंत दाखवायला मी खाटकाकडून बोकडाचं वीतभर आतडं आणते. मुलांना वजडी ठाऊक असते. तो टॉवेलसारखा खडबडीत तुकडा म्हणजेच आतडं, असं त्यांना वाटतं; तो खरं तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या कप्प्याचा. आतडं उभं चिरून, धुऊन, ताटात पाण्याखाली पसरलं की भिंगातून मखमल दिसते. ताट हललं की तिची लव हलते. त्या क्षणी वर्ग एकदम गप्प होतो.

ही लव म्हणजे रसांकुर. माणसात एकेकाची उंची फार तर मिलिमीटरभर. त्यावरच्या पेशींना पुन्हा आपली बारीक लव असते, ती साध्या भिंगात दिसत नाही. जुन्या पुस्तकांत या सगळ्याचं क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं लिहिलेलं असे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ साली नव्यानं हिशेब मांडला, तेव्हा लहान आतड्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर निघालं. आमच्या वर्गाच्या खोलीपेक्षा थोडं कमी, पण सहा मीटरच्या नळीला ते अफाटच.

या लवेवर माळेचा शेवटचा मणी सुटा होतो आणि इथेच आईचं मीठ कामाला येतं. ग्लुकोजला पेशीत शिरायला सोडियमची सोबत लागते. एका ग्लुकोजबरोबर सोडियमचे दोन कण आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६० साली प्राग इथं ही जोडी मांडली. पटकीतसुद्धा, आतड्यातून पाणी धो धो जात असताना, हे दार शाबूत राहतं.

त्यावर किती जीव वाचू शकतात, ते १९७१ साली दिसलं. बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं. नातेवाईक रुग्णांना पाजत होते. एरवी शंभरात वीस-तीस रुग्ण दगावत; तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला ते नाव प्रत्येक मुलाच्या तोंडी हवं आहे.

पेजेचा आणखी एक गुण आहे. नुसत्या गोड सरबतात साखर इतकी दाट असते की ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते. पेजेतलं पिष्ट लांब माळेच्या रूपात असतं, म्हणून ते तसं ओढत नाही. मणी लवेवर सुटतात आणि तिथल्या तिथे आत घेतले जातात.

दुधाचं मात्र वेगळं. त्यातली साखर तोडणारं विकर लवेच्या टोकाशी असतं. हगवणीत आधी टोकंच झिजतात, त्यामुळे काही मुलांना थोडे दिवस वरचं दूध बाधतं. या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या येतात. तान्ह्याचं अंगावरचं दूध तर अजिबात थांबवायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात सातवीतला एक मुलगा चार दिवस आला नाही. घरी गेले, तर आजीनं त्याला कोरड्यावर ठेवलेलं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. ओआरएसची पुडी माझ्या पर्समध्ये असतेच, ती लिटरभर पाण्यात कालवली. पोरगं पेंगुळलेलं होतं, म्हणून त्याला आधी दवाखान्यात न्यायला लावलं. रिक्षात चमच्यानं पाजत गेलो. संध्याकाळी आजीनं पेज टाकली आणि विचारलं, "बाई, मीठ किती घालू?" मी म्हटलं, "डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये, आजी. चाखून बघा." तिनं पळीतली पेज हातावर घेतली, चाखली आणि मिठाचा डबा बाजूला सरकवला.