रॅम वाढवावी, पण आधी मोजावी

शाळेतला संगणक सुरू केला, की पहिली दहा मिनिटं तो तयार होण्यातच जातात. एखादी चित्रफीत दाखवायला घ्यावी, तर ती मध्येच थबकते. मग कुणीतरी सांगतं, 'रॅम वाढवून घ्या.' दुसरं कुणी म्हणतं, 'जुना झालाय, आता नवीनच घ्या.' शाळेच्या तुटपुंज्या पैशात या दोन सल्ल्यांमधलं अंतर फार मोठं आहे. पहिला सल्ला बरोबर असेल, तर एक चांगलं चालतं यंत्र भंगारात जाण्यापासून वाचतं. तो चुकीचा असेल, तर पैसेही जातात आणि संगणकही तसाच रेंगाळत राहतो. म्हणून रॅम कमी पडते म्हणजे नेमकं काय होतं आणि ते ओळखायचं कसं, हे आपण क्रमाने पाहू.

टेबल आणि कपाट

निकालपत्रकं तयार करायचे दिवस आठवा. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, हजेरीपट, मागच्या चाचणीच्या गुणांची वही हे सगळं एकाच वेळी लागतं. टेबल मोठं असेल, तर हात लांबवला की हवं ते मिळतं. टेबल लहान असेल, तर एक गठ्ठा उचलून कपाटात ठेवावा तेव्हा दुसऱ्याला जागा होते. थोड्या वेळाने तो पहिलाच गठ्ठा पुन्हा लागतो! मग गुण भरण्यापेक्षा ने-आण करण्यातच दिवस जातो.

संगणकात रॅम म्हणजे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. प्रोसेसरला ज्यावर काम करायचं, ते आधी टेबलावर यावं लागतं. फरक एवढाच, की वीज गेली की हे टेबल आपोआप पुसलं जातं. याचं कारण रॅमच्या रचनेत आहे. तिच्यात प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलंसं धारित्र असतं. धारित्रात विद्युतप्रभार असला तर १, नसला तर ०. हा प्रभार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली की भरणं थांबलं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं. इंटेलने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या चिपमध्ये १,०२४ बिट मावत. आजच्या ८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,८७० कोटी बिट मावतात.

कमी पडते तेव्हा

रॅम भरली म्हणून संगणक सहसा लगेच बंद पडत नाही. ज्याची सध्या गरज नाही असा मजकूर तो डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. प्रश्न आहे तो या फेरीला लागणाऱ्या वेळेचा.

रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ लागतो. टेबलावरची वस्तू घ्यायला एक सेकंद लागतो असं मानलं, तर कपाटातली आणायला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. तबकडी नसलेली एसएसडी असेल, तर हेच अंतर साधारण हजार पट, म्हणजे सतरा मिनिटांचं होतं. ती बरीच बरी, तरी टेबलाची बरोबरी तिला करता येत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. संगणक सुरू होतानाच उशीर लागत असेल, तर दोष बहुधा कपाटाचा असतो, टेबलाचा नव्हे. सुरू होताना सगळं डिस्कवरूनच आणायचं असतं. तिथे रॅम दुप्पट केली तरी फारसा फरक पडत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर मात्र पडतो.

मुलांबरोबर मोजून पाहा

विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात मेमरीचा आलेख दिसतो. आता वर्गात रोज लागणारे कार्यक्रम एकेक करून उघडा. दर वेळी मुलांना तीन गोष्टी लिहायला सांगा: किती कार्यक्रम उघडे आहेत, किती मेमरी उपलब्ध आहे आणि एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जायला किती सेकंद लागले. याचा आलेख काढला, की बहुतेक वेळा रेषा बराच काळ सपाट राहते आणि एका ठिकाणी एकदम वर चढते.

चढ येतो तेव्हा उपलब्ध मेमरी जवळजवळ संपलेली असेल आणि डिस्क सतत धावत असेल, तर रॅम खरोखर कमी आहे. मेमरी भरपूर शिल्लक असूनही संगणक रेंगाळत असेल, तर पैसे रॅमवर घालवू नका. लिनक्समध्ये 'फ्री' हा आकडा लहान दिसला तरी दचकू नये. मोकळ्या जागेत संगणक पुढे लागू शकेल असा मजकूर ठेवून देतो. तिथे 'अव्हेलेबल' हा आकडा पाहावा.

कोणती घ्यावी?

लॅपटॉपमध्ये रॅमची लहान पट्टी बसते, तिला एसओ-डिम म्हणतात. तिच्या पिढ्या आहेत आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. डीडीआर-३ ला २०४ पिना असतात, डीडीआर-४ ला २६० आणि डीडीआर-५ ला २६२. शिवाय पट्टीवरची खाचही वेगवेगळ्या जागी असते. त्यामुळे जोर करून बसवायला जाऊ नये. पट्टी बसत नाही म्हणजे ती त्या यंत्राची नाहीच!

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर एकूण किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत, हे बहुधा कळतं. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, ती बदलता येत नाही. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकातही तसंच असतं. अशा वस्तूंची रॅम खरेदीच्या दिवशीच विचार करून ठरवावी लागते.

संगणक जास्तीत जास्त किती रॅम घेतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावं. नेहमीची ३२ बिटची विंडोज असेल, तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम बसवूनही उपयोग होत नाही. ३२ बिटांनी ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच लिहिता येतात, तेवढ्याच बाइटची ती ४ जीबी. वेगाचं म्हणाल, तर दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्यास दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. जमलं तर सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. मग प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवघेव करतो.

लेखन, सादरीकरण आणि इंटरनेट एवढ्याच कामाला आमच्या मते ८ जीबी पुरते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या, म्हणून नवी घेण्याआधी शाळेतली बंद पडलेली यंत्रंही उघडून पाहावीत. त्याच पिढीची पट्टी तिथे पडून असू शकते.

बसवताना संगणक बंद करून तार काढावी आणि शक्य असेल तर बॅटरीही सोडवावी. अंगातली स्थितिक वीज जावी म्हणून आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावावा. पट्टी कडेने धरून तिरपी आत सरकवावी आणि मग खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' असा आवाज करून बसल्या, की काम झालं.

त्यानंतर मुलांकडून पुन्हा तेच कार्यक्रम त्याच क्रमाने उघडवून घ्या आणि दुसरा आलेख पहिल्याशेजारी लावा. चढ उजवीकडे सरकला असेल, तर पैसे योग्य जागी गेले.