मंगळावरील बुद्धिबळ

बुद्धिबळाचा पट म्हणजे एक लहानसे रणांगणच होय. या खेळाचे प्राचीन भारतीय रूप म्हणजे चतुरंग. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे त्यात अवतरली. जसे युद्ध, तसा खेळ. मग जे युद्ध कधी झालेच नाही, त्याचा खेळ कसा असेल?

असा एक खेळ एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाने रचला. टारझनचा जनक तो हाच. त्याच्या ‘द चेसमेन ऑफ मार्स’ या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मंगळावरील लोक ‘जेतान’ नावाचा खेळ खेळतात. मंगळाच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील लोकांत पूर्वी झालेल्या युद्धाची ती स्मृती आहे, अशी लेखकाची कल्पना. सारेच कल्पित, परंतु ग्रंथाच्या अखेरीस खेळाचे नियम इतके रेखीव दिले आहेत, की पृथ्वीवरही तो खेळता येतो.

जेतानच्या पटावर काळी व नारिंगी अशी १०० घरे असतात आणि प्रत्येक पक्षाकडे २० मोहरे. त्यांत विमानेही आहेत. ती वाटेतील मोहऱ्यांवरून झेप घेतात. प्यादी आठ, ती मागे फिरत नाहीत. राजाच्या जागी सेनापती असतो व त्याच्या शेजारी, वजिराच्या जागी, राजकन्या. आपला वजीर सर्वांत समर्थ. राजकन्येला मात्र कोणासही मारता येत नाही. संकटसमयी सबंध डावात एकदाच ती दूरच्या घरी निसटू शकते. शत्रूने तिचे घर गाठले, की डाव संपला. सेनापतीचा नियम तर फारच मार्मिक आहे. सेनापतीने सेनापतीस मारले, तरच विजय. इतर मोहऱ्याने मारले, तर बरोबरी.

याच कादंबरीतील मनातोर नगरीत हा खेळ जिवंत माणसांनिशी खेळला जातो. एका घरासाठी दोघे झुंजतात आणि हरणारा प्राणास मुकतो. येथे वाचकाचे मन चरकते. कारण खेळ व युद्ध यांमधील सीमा पुसली गेलेली असते.

ही सीमा किती मोलाची, हे भिवंडी तालुक्यातील अंजूर गावाच्या इतिहासावरून ध्यानी येते. पोर्तुगीजांच्या जुलमाविरुद्ध पेशव्यांचे साहाय्य मागणाऱ्यांत अंजूरचे गंगाजी नाईक अग्रणी होते. १७३७ मध्ये वसईची मोहीम सुरू झाली. थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. आधी ठाण्याचा किल्ला, अखेर वसई. नकाशावर पाहता हा कुशल खेळाडूचा डावच वाटतो. परंतु तटाला भिडलेले कित्येक वीर घरी परतले नाहीत.

मेलेला मोहरा पुढच्या डावात पुन्हा पटावर उभा राहतो. माणसाचे तसे नाही. पटावर प्यादे देऊन डाव जिंकणारा चतुर ठरतो. रणांगणावरील सेनानीला मात्र त्या प्रत्येक प्याद्याची घरी कोणीतरी वाट पाहत आहे, हे विसरता येत नाही.