मृत्यू दाखला परदेशात वापरायचाय? आधी देश कोणता ते पाहा

समजा, वडील पुण्यात वारले आणि त्यांचं बँक खातं कॅनडात आहे. महापालिकेचा मृत्यू दाखला तिथे थेट चालेलच असं नाही. काय कराल?

१. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळवा. शिक्क्याने फक्त सही खरी ठरते, नावातली चूक सुधारत नाही.

२. दाखला निघाला त्या राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित करून घ्या.

३. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘अपोस्टिल’ घ्या. अर्ज नेमलेल्या एजन्सीमार्फतच. सरकारी शुल्क ५० रुपये, एजन्सीचं वेगळं.

कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल चालतं. यूएई मात्र या करारात नाही. दुबईसाठी दूतावासाचा शिक्काही लागतो.