तारीख नाही, नक्षत्र

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडचा माणूस कुठं टाकील, सांगता येत नाही. क्रिकेटच्या गप्पांत टाकतो, उसाच्या भावात टाकतो. मी ती आजाराच्या लेखात टाकतो आहे, कारण हा आजार कागदावर आला तो जर्मनीतच. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात नोव्हेंबर १९०१मध्ये ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस आल्त्सहायमर तिच्यापुढं वही घेऊन बसले. नाव काय? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगुस्टेच. ताटात फुलकोबी आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय म्हणून विचारलं तर म्हणाली, पालक. १९०६च्या एप्रिलमध्ये ती गेली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉक्टरांनी ट्युबिंगेनच्या सभेत माहिती मांडली: पेशींबाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत वळलेल्या धाग्यांच्या गाठी. सभेत कुणी फारशी दखल घेतली नाही. १९१०मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला आल्त्सहायमर यांचं नाव दिलं. आपण त्याचं अल्झायमर केलं.

मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. शब्द थेट गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तिथं मात्र तो क्रोधाच्या पाठोपाठ येतो, वयाच्या नाही. गावात हा शब्द कुणी वापरत नाही. गावात म्हणतात, म्हातारीला चळ लागला. नाहीतर ‘साठी बुद्धी नाठी’. एकदा असं म्हटलं की दवाखान्याचा विषयच संपतो. म्हातारपणाला कोण औषध देणार?

आमच्या आत्याबाई जिंतूर तालुक्यातल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण पेरणीचं, देण्याघेण्याचं, नात्यागोत्याचं सगळं तोंडपाठ. त्यांच्या विसरण्यावरून घरात वाद झाला, तेव्हा मुलानं त्यांना एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी छापील कागद पुढं ओढला. आज तारीख काय? आत्याबाई म्हणाल्या, ‘‘मिरग निघून आठ दिस झाले की.’’ साल कोणतं? त्या माझ्याकडं पाहून हसल्या. आपण कितव्या मजल्यावर आहोत? ‘‘मजला म्हंजी?’’ शंभरातून सात, मग पुन्हा सात वजा करायला सांगितले, तेव्हा त्यांनी पदर नीट केला आणि गप्प बसल्या. ३०पैकी १३ गुण पडले. मृग खरोखरच आठ दिवसांपूर्वी निघाला होता. त्याचा गुण कागदावर नव्हता.

डॉक्टरांचा दोष नाही. तो कागद म्हणजे अमेरिकेत १९७५ साली तयार झालेली परीक्षा. ती दिनदर्शिका, मजले आणि वजाबाकी यांत वाढलेल्या माणसासाठी रचली होती. निरक्षर निरोगी माणूस तिच्यात नापास होतो, आणि शिकलेला आजारी माणूस सुरुवातीला पास होऊन घरी जातो. दुसरी गोष्ट मला जास्त भीतीची वाटते.

यावर भारतात जे काम झालं ते वाचून मी खुश झालो. हरियाणातल्या बल्लभगढच्या २८ खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून १९९०च्या दशकात पाहणी केली. ५५च्या पुढची ५१२६ माणसं, त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश निरक्षर. पिट्सबर्गच्या डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी परीक्षा नव्यानं बांधली. तारखेसोबत ‘सकाळ, दुपार की संध्याकाळ?’ आलं. मजल्याऐवजी ‘हे घर कुणाचं?’ वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करायचं, हा प्रश्न गेला. त्याऐवजी विचारणाऱ्यानंच डोळे मिटायचे आणि ‘मी करतो तसं करा’ म्हणायचं. वाक्य लिहायला लावण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’. असं घराबद्दल विचारलं असतं तर आत्याबाई पाऊण तास थांबल्या नसत्या, आणि त्या पाऊण तासात त्यांचं नेमकं काय हरवलंय ते कळलं असतं.

१९९८मध्ये तिथले आकडे छापून आले: ६५च्या पुढं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १.३६ टक्के. तीन वर्षांनी डॉ. वास आणि सहकाऱ्यांची मुंबईची पाहणी आली, तिथं २.४४ टक्के. जगाच्या मानानं दोन्ही आकडे फार कमी. आपली एकत्र कुटुंबं, आपली हळद, असं म्हणून अनेकांनी छाती फुगवली. मग २०२३मध्ये देशभरातल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष आला: ६०च्या पुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. पद्धती वेगळ्या, वयाची अट वेगळी, त्यामुळं हे आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. तरी आधीचे आकडे इतके कमी का, याचं एक कारण मला पटतं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाकडून कामच मागितलं जात नाही. किल्ल्या सुनेकडं गेल्या, बाजार मुलाकडं गेला. मग काय जमेनासं झालं हे दिसणार कुठं?

आत्याबाईंच्या बाबतीत ते दिसलं चुलीपाशी. डॉक्टरांच्या खोलीत वहिनींना, म्हणजे आत्याबाईंच्या सुनेला, कुणी काही विचारलं नाही. बाहेर बाकावर बसल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, त्या तूरडाळ पाण्याबिगर चुलीवर ठिवायल्यात. दोनदा पातेलं जळालं. अन् दिवेलागणीला म्हनतेत, मला घरला घेऊन चला.’’ चाळीस वर्षं त्या घरात राहिलेली बाई ‘घरला चला’ म्हणते. मी आत जाऊन हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. माणूस रोजची कामं कशी करतो, हे घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही त्या बल्लभगढच्या कामातूनच निघाली होती.

मग रक्त तपासलं: ब-१२, थायरॉइड. ते तपासायलाच हवं, कारण त्यांच्या कमतरतेनं आलेला विसर गोळ्या-इंजेक्शनांनी सुधारू शकतो. म्हातारपणातलं नैराश्यही अगदी असंच दिसतं. आत्याबाईंचं सगळं बरोबर निघालं. डोनेपेझिल सुरू झालं. १९९६पासून वापरात असलेली ही गोळी लक्षणं थोडी सावरते, आजार थांबवत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं अलीकडं साक्षर आणि निरक्षर दोघांसाठी चाचण्यांचा संच केला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्या पहिल्या पाचांत नाही. याचं वाईट वाटतं, आणि परभणीकराला तर दुप्पट वाटावं. कारण आमच्या जिल्ह्याची दुसरी म्हण आहे ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’, आणि ती दखनीत आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो. जुनी पिढी घरात मराठी आणि बाजारात दखनी बोलत मोठी झाली. त्याच हैदराबादेत, निजामांच्याच नावाच्या संस्थेत, डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३मध्ये त्यांनी मांडलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसू लागतो, आणि निरक्षरांतही हा फरक राहतो. इतर देशांतल्या सगळ्या अभ्यासांना तसं आढळलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण शाळेबाहेर कमावलेली बुद्धी मोजण्याजोगी असते, हे तिथं कुणीतरी धरून चाललं.

नव्या औषधांचा गवगवा कानावर येतो. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता मिळाली. १७९५ रुग्णांवर दीड वर्ष चाचणी झाली. १८ गुणांच्या मापावर औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा ०.४५ गुणांनी बरे राहिले. मेंदूला सूज वा रक्तस्राव होतो का, हे पाहायला वारंवार एमआरआय लागतात, आणि औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात. मे २०२५मध्ये तिथं या आजारासाठी रक्ताची पहिली चाचणी मंजूर झाली. ती मला औषधापेक्षा मोठी बातमी वाटते. रक्ताची नळी जिंतूरहून नांदेडला एस.टी.नं जाऊ शकते. पण सुरुवातीचा टप्पा ओळखायचा कुणी? जिथं दुसरं पातेलं जळेपर्यंत कुणी बोलत नाही, तिथं?

गोव्यात डॉ. अमित डायस आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटानं ८१ कुटुंबांवर एक साधा प्रयोग केला, २००८मध्ये तो प्रसिद्ध झाला. बारावी झालेल्या, कोकणी बोलणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवलं: आजार समजावून सांगायचा, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवायचं, वर मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख. सहा महिन्यांत रुग्णाच्या वागण्यात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. सांभाळणाऱ्यांचं मन मात्र सावरलं. आमच्या वहिनींकडं बघितल्यावर हा निकाल मला लहान वाटत नाही. गावात आशाताई आहेत, त्या गरोदर बायकांची नोंद ठेवतात. आठवड्यात एका म्हातारीच्या चुलीपाशीही त्यांना बसता येईल.

यंदा जूनमध्ये गेलो होतो. आभाळ भरून आलं होतं. मी मुद्दाम विचारलं, ‘‘आत्याबाई, मिरग निघाला का?’’ त्यांनी आभाळाकडं पाहिलंच नाही. कधी अक्षर न वाचलेल्या त्या बाईनं खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरकडं बोट केलं. ‘‘आसंल की भिताडावर लिवलेलं.’’